पत्नीचे दोन गर्भपात झाले. आता तिच्या रिपोर्टमध्ये ४५ गुणसूत्रे आली आहेत, १४ आणि २१ जोडलेली. ती निरोगी असताना हे कसे? आम्हाला निरोगी मूल होईल का?

होऊ शकेल, आणि तीच शक्यता जास्त आहे. रिपोर्टमधला ४५ हा आकडा घाबरवतो, पण तुमच्या पत्नीच्या पेशींतून कामाचे काहीच हरवलेले नाही. दोन गुणसूत्रे जोडली गेल्यामुळे मोजताना एक कमी भरते, इतकेच.

माणसाची १३, १४, १५, २१ आणि २२ क्रमांकाची गुणसूत्रे अग्रकेंद्री असतात. त्यांचा गुणसूत्रबिंदू, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढले जाते ती जागा, टोकाजवळ असतो, त्यामुळे एक भुजा लांब आणि दुसरी नावापुरती. या आखूड भुजांवर मुख्यतः रायबोसोमच्या आरएनएची जनुके असतात, तीही असंख्य प्रतींत. पेशीत या भुजा न्यूक्लिओलसपाशी (केंद्रकात रायबोसोम घडवणाऱ्या भागापाशी) एकत्र येतात आणि त्यांच्यावरचे डीएनएचे काही पट्टे एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. त्यामुळे अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना, कधीकधी भलत्याच जोडीदाराशी देवाणघेवाण होते. त्यातला एक पट्टा १४ वर, १३ आणि २१ च्या तुलनेत, उलट्या दिशेने बसलेला आहे. तिथे अदलाबदल झाली की दोन लांब भुजा एकाच गुणसूत्रावर येतात आणि आखूड भुजांचा उरलेला तुकडा पुढच्या विभाजनांत गळून जातो. एकूण दहा आखूड भुजांपैकी आठ शिल्लक राहतात आणि त्यांच्यावरची जनुके पुरून उरतात. जोडगुणसूत्रावर बरेचदा दोन गुणसूत्रबिंदू असतात, पण त्यातला एक निष्क्रिय होतो. दोन्ही चालू राहिले असते तर विभाजनात ते दोन बाजूंना ओढले जाऊन तुटले असते.

याला रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन म्हणतात. रॉबर्टसन यांनी १९१६ मध्ये नाकतोड्यांत ते वर्णिले. साधारण हजारात एका माणसात ते आढळते. १३-१४ ची जोडी सर्वांत जास्त, त्याखालोखाल तुमची १४-२१. गुणसूत्रे जुळणे निसर्गात मुळीच दुर्मीळ नाही. भारतीय भेकराच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७ गुणसूत्रे असतात, तर चीनमधल्या त्याच्या भाऊबंदांत ४६. आपले स्वतःचे २ क्रमांकाचे गुणसूत्रही पूर्वजांच्या दोन गुणसूत्रांची टोके जुळून बनले आहे.

अडचण बीजांड तयार होताना येते. जोडगुणसूत्र, सुटे १४ आणि सुटे २१ अशा तिघांची वाटणी दोन बाजूंना करायची असते. त्यातून सहा प्रकार संभवतात. सुटी १४ आणि २१ एकत्र गेली तर मूल पूर्ण सामान्य. फक्त जोडगुणसूत्र गेले तर मूल आईसारखेच, निरोगी वाहक. जोडगुणसूत्रासोबत सुटे २१ गेले तर मुलात २१ जास्त होते, म्हणजे डाऊन सिंड्रोम. उरलेल्या तिघांत १४ जास्त होते, किंवा १४ वा २१ कमी पडते. हे गर्भ टिकत नाहीत, बहुतेक वेळा फार लवकर पडतात. मात्र सहाही प्रकार सारख्या प्रमाणात होत नाहीत, म्हणून 'सहात एक' असा हिशेब करू नका. आई वाहक असेल तर डाऊन सिंड्रोमचा धोका साधारण १० ते १५ टक्के धरतात. वडील वाहक असतील तर तो एखाद-दुसऱ्या टक्क्याच्या आतच राहतो. २१-२१ जोडले गेले असते तर गोष्ट वेगळी होती, तिथे जन्मणारे जवळपास प्रत्येक मूल डाऊन सिंड्रोमचे असते.

तुमचाही कॅरिओटाइप, म्हणजे पत्नीची झाली तशी गुणसूत्रांची तपासणी, केलेला नसेल तर करून घ्या. त्यासाठी २-३ मिली रक्त सोडियम हेपरिनच्या, म्हणजे हिरव्या झाकणाच्या नळीत घेतात. पेशी सुमारे ७२ तास वाढवाव्या लागतात, म्हणून नमुना गोठवायचा नाही आणि ईडीटीएच्या जांभळ्या नळीतही द्यायचा नाही. मायक्रोअरेवर भागवू नका. ती तपासणी कमी-जास्त झालेले डीएनए दाखवते. संतुलित जोड, म्हणजे काही कमी-जास्त न होता जुळलेली गुणसूत्रे, तिला दिसत नाही. दोन्ही गर्भपात याच कारणाने झाले असेही गृहीत धरू नका, थायरॉइड, गर्भाशयाची रचना आणि अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्ताच्या गुठळ्या होऊ देणारी प्रतिपिंडे) तपासायला हव्यातच. दुर्दैवाने पुन्हा गर्भपात झालाच, तर ऊतक निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवायला सांगा. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात आणि कल्चर होत नाही.

गर्भ राहिल्यावर ११ ते १३ आठवड्यांत सीव्हीएस (वारेचा नमुना) किंवा १५ आठवड्यांनंतर अॅम्निओसेंटेसिस (गर्भजलाचा नमुना) करून गर्भाचा कॅरिओटाइप पाहता येतो. आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएवरून केलेली एनआयपीटी ही फक्त चाळणी आहे, तुमच्या बाबतीत मी तिच्यावर थांबणार नाही. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या, कायद्यात गुणसूत्रदोषासाठी या तपासण्यांना परवानगी आहे, लिंग मात्र सांगितले जात नाही. गर्भात संतुलित जोड आढळली तर १४ ची दोन्ही गुणसूत्रे एकाच पालकाकडून आली नाहीत ना, हे जनुकतज्ज्ञाला विचारा. असे क्वचितच होते, पण त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

आयव्हीएफ करून भ्रूण निवडण्याचा मार्गही आहे. त्यात पाच-सहा दिवसांच्या भ्रूणाच्या काही पेशी तपासतात. नेहमीच्या पद्धतीत सामान्य आणि वाहक भ्रूण वेगळे ओळखता येत नाहीत, पण दोन्ही निरोगीच असल्याने दोन्ही चालतात. खर्च आणि त्रास मोठा आहे, आणि नैसर्गिक गर्भधारणा होत असेल तर तोच पहिला उपाय असला पाहिजे असे मला वाटत नाही. पत्नीच्या आईवडिलांचा कॅरिओटाइप मात्र नक्की करा. दोघांपैकी एक वाहक निघाले, तर तिच्या प्रत्येक भावाबहिणीत हीच जोड असण्याची शक्यता सुमारे निम्मी असते, आणि त्यांना ते मूल होण्याआधी कळायला हवे.