खानापूरच्या जंगलात घडणारा रोलप्लेइंग खेळ (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायची) बनवतोय. नियम एका पानात बसवायचेत. फासा एक घ्यावा की दोन?

दोन घ्या, लुडोचे साधे सहा बाजूंचेच, आणि बेरीज करा. एका फाशावर १ ते ६ सगळे सारख्याच शक्यतेने पडतात, त्यामुळे टोकाचे आकडेही मधल्यांइतक्याच वेळा येतात. दोन फाशांच्या ३६ जोड्या मोजून बघा: ७ सहा प्रकारे येतो, २ आणि १२ एकेकाच प्रकारे. म्हणून नियम इतकाच ठेवा:

- १० किंवा जास्त: काम फत्ते (३६ पैकी ६)
- ७ ते ९: जमलं, पण किंमत मोजून (१५)
- ६ किंवा कमी: फसलं (१५)

खरी मजा मधल्या ओळीत आहे. कणकुंबीजवळ भर पावसात मलप्रभा ओलांडताना ८ पडले, तर पैलतीर गाठला, पण शिदोरीची पिशवी वाहून गेली. पुढचा प्रसंग आपोआप उभा राहतो. आमच्या शहापुरातल्या पोरांना हेच सगळ्यात आवडतं. मात्र पात्राच्या कौशल्यासाठी बेरजेत मिळवायचे गुण +२ च्या वर नेऊ नका. +३ दिले की फसायच्या जोड्या १५ वरून ३ वर येतात आणि धाकधूकच उरत नाही.