स्टिकर तिप्पट टाकलं तर औषध तिप्पट पसरेल का?

दादा, तुमचा प्रश्न असा की कांद्याच्या पातीवरून औषध घरंगळतंय, 15 लिटरच्या पंपाला तुम्ही 5 मिली स्टिकर (औषध पातीवर पसरावं, टिकावं म्हणून फवारणीच्या पाण्यात मिसळतात ते द्रव) टाकता आणि दुकानदार 15 मिली टाकायला सांगतोय. तिप्पट टाकून तिप्पट पसरणार नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण या एका गैरसमजापायी दर हंगामात पैसे वाया जातात आणि पातही करपते.

कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो. पाण्याला मेणाची ओढ फारशी नाही, स्वतःची मात्र भारी. थेंबाच्या आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी ओढतात. पृष्ठभागावरच्या रेणूला वरून ओढायला कोणी नसतं, म्हणून तो आत खेचला जातो आणि थेंब अंग चोरून गोल होतो. हाच पृष्ठताण. 20 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण 72.8 मिलिन्यूटन प्रति मीटर भरतो. अल्कोहोलचा जेमतेम 22. म्हणून अल्कोहोल पातीवर सहज पसरतं आणि पाणी मोत्यासारखं गोळा होऊन खाली पडतं.

स्टिकरमधला सर्फॅक्टंट म्हणजे दोन स्वभावांचा रेणू. डोकं पाण्यात रमतं, तेलकट शेपटीला पाणी नको असतं. त्यामुळे हे रेणू पृष्ठभागावर येऊन डोकं पाण्यात आणि शेपटी हवेत अशी दाटी करतात. वरचा थर आता निव्वळ पाण्याचा राहत नाही, ओढ सैल पडते. नेहमीच्या सर्फॅक्टंटने पृष्ठताण 30 ते 35 च्या आसपास येतो, सिलिकॉनवाल्यांनी 20-22 पर्यंत.

आता तुमच्या प्रश्नाचं मर्म. पृष्ठभागावर जागा मोजकीच असते. ती भरली की पुढचे रेणू पाण्यातच राहतात आणि शेपट्या आत, डोकी बाहेर असे गोळे करून बसतात. त्यांना मायसेल म्हणतात. ते सुरू झाले की पृष्ठताण जवळपास आहे तिथेच थांबतो, कितीही ओता. शाम्पूतल्या सोडियम लॉरिल सल्फेटसाठी ही हद्द 25 अंशाला लिटरला साधारण सव्वादोन-अडीच ग्रॅम आहे. पुष्कळ नॉन-आयॉनिक, म्हणजे डोक्यावर विद्युतभार नसलेल्या, सर्फॅक्टंटसाठी ती याहून कितीतरी खाली येते.

हे घरी बघता येतं. एकच ड्रॉपर घ्या, उभा धरा आणि 1 मिली साधं पाणी अगदी सावकाश थेंब थेंब सोडून मोजा. समजा 20 थेंब पडले. मग तुमच्या मात्रेचं स्टिकरचं पाणी घ्या. टोकाशी थेंब लटकतो तो पृष्ठताणाच्या जोरावर. जोर घटला की थेंब लहान असतानाच सुटतो, म्हणून तेवढ्याच पाण्याचे 35-40 थेंब होतात. आता दुप्पट आणि तिप्पट मात्रेने मोजा. आकडा जिथे वाढायचा थांबतो, तिथे तुमच्या पाण्यात तुमच्या स्टिकरची हद्द आली. मला हा प्रयोग फार आवडतो. जर्मनीत ब्राउनश्वाइगला अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात पत्र्याचं साधं पात्र वापरून पृष्ठताण मोजला होता. त्यांचं पत्र इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी 1891 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आणलं. विद्यापीठाची पदवी नसलेल्या बाईंनी हे केलं, तर आपण ड्रॉपरने एवढं नक्की करू शकतो.

जादा स्टिकर नुसतं वाया जात नाही. पातीच्या मेणातून औषध गरजेपेक्षा जास्त आत शिरून शेंडे करपू शकतात, आणि टाकीत फेस होतो तो वेगळाच. पाणीही जास्त मारलं तर पातळ थर होऊन औषध थेट जमिनीवर ओघळतं. फुलकिडे बसतात पातीच्या बेचक्यात. तिथे औषध पोचायला हवं, वाफ्यात नाही.

स्टिकरऐवजी कपड्याची पावडर टाकणारेही आहेत, ते मला अजिबात पटत नाही. तिच्यातल्या सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि काही कीटकनाशकं अशा पाण्यात लवकर विघटित होतात. साबणाचं तर बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियमशी जमून साय धरते, म्हणजे पृष्ठभागावर जायचा साबणच कामातून जातो. नॉन-आयॉनिक स्टिकरला जड पाण्याचा त्रास नसतो.

बाटलीवर स्प्रेडर लिहिलंय की नुसतं स्टिकर, तेही बघा. दुकानात दोन्हींना स्टिकरच म्हणतात, पण पसरवणं स्प्रेडरचं काम आणि पावसात धुवून जाऊ न देणं स्टिकरचं. तुमची अडचण घरंगळण्याची आहे, म्हणजे तुम्हाला स्प्रेडर हवा. मात्रा लेबलवरचीच ठेवा, आधी औषध पूर्ण मिसळा आणि स्प्रेडर शेवटी टाकून हळू ढवळा. मग एका पातीवर थोडं मारून जवळून बघा. मोती दिसले तर कमी पडलंय, पात सलग ओली दिसली तर तेवढंच पुरे.