आधी गळती, मग भिंत

मित्रा, टेम्पो ट्रॅव्हलरची कॅरॅव्हॅन केलीस, मनापासून आनंद झाला. पण खिडकीखाली फुगलेल्या प्लायवर आतून पुट्टी मारायला निघालायस, ते थांबव. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होईल. पाणी बहुतेक वेळा वरच्या कडेतून शिरतं आणि खालच्या कोपऱ्यात दिसतं.

स्क्रूड्रायव्हरचं टोक खिडकीभोवती दर दोन इंचांवर टोचत जा. घट्ट लागलं तर लाकूड ठीक. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आत गेलं तर कुजलंय. मी पहिल्यांदा डागापुरताच तुकडा कापला होता. पुढच्या जुलैत शेजारची पट्टी काळी पडली, तोच कुबट वास. म्हणून चांगलं लाकूड लागेपर्यंत काप.

मग खिडकी पूर्ण काढ. जुनं सिलिकॉन खरवडून टाक, त्यावर नवीन काही धरत नाही. आपल्या मुंबईच्या दमट हवेत भिंतीतली लाकडी चौकट दोन दिवसांत सुकत नाही, पंखा लावून आठवडाभर तरी उघडी ठेव. काम एप्रिल-मेमध्येच उरक. ओलीवर प्लाय ठोकलास तर बुरशी आतच कोंडते. प्लाय आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घे, कापलेल्या कडांना इपॉक्सी लाव. खिडकीच्या फ्रेमखाली बुटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळ, टेप सगळीकडून सारखी बाहेर आली पाहिजे. फ्रेमची पाणी जायची खालची छिद्रं मात्र बुजवू नकोस.

आतली भिंत बंद करण्याआधी नळीनं खालून वर सावकाश पाणी मार आणि कुणालातरी टॉर्च देऊन आत बसव.