शेजारच्याचं तिकीट निम्म्यात कसं?

प्रश्न : दिवाळीनंतर पुण्याहून विमानानं नागपूरला परतलो. शेजारच्या मुलाशी बोलता बोलता कळलं, त्याचं तिकीट माझ्या निम्म्या किमतीत आलं होतं. सीट तशीच, सामानाची मर्यादाही तीच. त्यानं गणपतीतच काढून ठेवलं होतं, मी आदल्या आठवड्यात काढलं. ताई, ही सरळ फसवणूक नाही का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दादा, फसवणूक नाही, पण तुमचा राग रास्त आहे. निवृत्त होईपर्यंत मी एका विमान कंपनीच्या भाडे विभागात होते. तिथे आमच्यापुढे रोज एकच प्रश्न असायचा : कुठल्या प्रवाशाला थांबणं शक्य नाही?

इकॉनॉमीच्या सगळ्या सीटांना एक भाव नसतोच. भावांचे टप्पे असतात, त्यांना आम्ही बकेट म्हणायचो. प्रत्येक बकेटला एक अक्षर. खालची बकेट संपली, किंवा आम्हीच ती बंद केली, की गिऱ्हाइकाला वरची दिसते. त्या मुलाला खालची मिळाली, तुमच्या वेळेपर्यंत ती बंद झाली होती.

बंद कधी करायची, याचं गणित 1972 मध्ये ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतले केनेथ लिटलवुड यांनी मांडलं. समजा, स्वस्त तिकीट 4,000 रुपयांचं आणि महाग 10,000 चं. शेवटच्या दिवसांत दहा हजार मोजणारा कुणी येण्याची शक्यता चाळीस टक्क्यांहून जास्त वाटली, तर चार हजारवाल्याला ती सीट द्यायची नाही. रिकामी गेली तर जाऊ दे. हापूस सुरुवातीला महाग असतो आणि हंगाम सरताना उतरतो. विमानाची सीटही नाशवंतच, दार लागलं की तिची किंमत शून्य. तरी तिचा भाव शेवटी चढतो. कारण शेवटी येणारा माणूस ‘राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणू शकत नाही.

माणसं वेगळी काढायची ही युक्ती किती धारदार असते, ते अमेरिकेत दिसलं. पीपल एक्स्प्रेस नावाची कंपनी सरसकट स्वस्त तिकिटं विकून मोठ्या कंपन्यांचे प्रवासी ओढत होती. जानेवारी 1985 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी तितकीच स्वस्त तिकिटं बाजारात आणली, पण अटी घातल्या : तिकीट बरंच आधी काढायचं आणि गेलेल्या गावी शनिवारची रात्र काढायची. कंपनीच्या कामानं गेलेला माणूस शुक्रवारी घरची वाट धरतो, त्यामुळे त्याला ही अट पाळता येत नाही. सासरी किंवा सहलीला निघालेल्याला शनिवार हवाच असतो. कुणालाही ‘तुम्ही कोण’ असं न विचारता दोन्ही गट वेगळे झाले. कर्जानं आधीच वाकलेली पीपल एक्स्प्रेस पुढच्याच वर्षी विकली गेली.

ही अट मला आजही अन्यायाची वाटत नाही. ज्याचं तिकीट कंपनी काढते, त्यानं जास्त दिले म्हणून एखादं कुटुंब स्वस्तात जात असेल, तर जाऊ दे. आपल्याकडे शनिवारची अट देशांतर्गत तिकिटांना सहसा नसते; ते काम ‘किती दिवस आधी’ आणि ‘रद्द केलं तर किती परत’ या दोन गोष्टी करतात. तुम्ही सणाच्या गर्दीत उशिरा आलात, एवढाच तुमचा दोष.

प्रश्न : चौघांसाठी शोधलं तर माणशी भाव जास्त दिसतो, एकट्यासाठी शोधलं तर कमी. मोबाईल माझ्यावर पाळत ठेवतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : यात पाळत असण्याची गरजच नाही. खालच्या बकेटमध्ये दोनच सीटा उरल्या असतील, तर चौघांना एकत्र मावणारी बकेट यंत्रणा शोधते आणि चौघांनाही तोच वरचा भाव लावते. म्हणून आधी एकासाठी शोधा. भाव उतरला, तर दोन-दोन तिकिटं वेगळी काढा. फक्त लहान मुलांचं तिकीट मोठ्यांबरोबरच ठेवा.

प्रश्न : वडील गेल्याचा फोन रात्री आला. पहाटेच्या विमानाला नेहमीच्या तिप्पट पैसे मोजले. हा कुठला न्याय?
— एक वाचक, बंगळुरू

उत्तर : न्याय नाही. ज्याला थांबता येत नाही त्याच्याकडून जास्त घ्या, एवढंच त्या गणिताला समजतं. बैठकीला निघालेला आणि बापाच्या अंत्यविधीला निघालेला त्याला सारखेच दिसतात. आमच्या टेबलावरही ते सारखेच दिसायचे, आणि ते मला कधीच पटलं नाही.

फरक ओळखणं अशक्य नाही. एअर कॅनडाकडे जवळचं माणूस गेल्यावर सवलतीचं भाडं आहे. तिथे आजीच्या मृत्यूनंतर निघालेल्या एका नातवाला कंपनीच्या चॅटबॉटनं ‘सवलत नंतर मागता येईल’ असं चुकीचं सांगितलं आणि कंपनीनं पुढे हात वर केले. फेब्रुवारी 2024 मध्ये कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणानं कंपनीला भरपाई द्यायला लावली. मृत्यूचा दाखला पाहून फरकाची रक्कम परत करणारी अशी सोय आपल्याकडच्या प्रत्येक कंपनीला सक्तीची हवी.

सरकारला हात घालताच येत नाही, असंही नाही. 1994 मध्ये हवाई क्षेत्र खुलं झाल्यावर भाडी कंपन्यांच्या हाती गेली. तरी मे 2020 ते ऑगस्ट 2022 सरकारनं किमान-कमाल मर्यादा लावली होती. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणं कोलमडली, तेव्हा 500 किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला 7,500 रुपयांची कमाल मर्यादा आली. 1937 च्या विमान नियमांतला 135 वा नियम तर भाडं वाजवी असावं असंच सांगतो. तिकीट जपून ठेवलं असेल, तर सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि त्यात या नियमाचा उल्लेख करा.