जुन्या ऑप्टिप्लेक्समध्ये कायमचं बंद केलेलं एएमटी फर्मवेअर फ्लॅश करून सुरू करता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या वाचनालयासाठी तुम्ही चार जुने डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० घेतलेत, प्रोसेसर आय५-४५७०. तुम्ही स्वतः पुण्यात असता. मशिन अडकलं की कुणीतरी तिथे जाऊन बटण दाबावं लागतं. व्हीप्रोमुळे (ऑफिसच्या मशिनांसाठीची इन्टेलची सोय, तिच्यातला दुरून ताबा देणारा भाग म्हणजे एएमटी) दुरून सगळं करता येतं असं वाचलंत, पण मशिन चालू होताना कंट्रोल-पी दाबलं तरी काहीच उघडत नाही. फ्लॅश करून, म्हणजे बोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर (मशिनच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) पुन्हा लिहून, ते उघडता येईल का, आणि करावं का?

हो, येतं. मी एका पतसंस्थेच्या शाखांची मशिनं सांभाळतो. सगळ्यात लांबची शाखा माझ्यापासून अडीच तासांवर आहे, म्हणून तुमची अडचण मला पुरती कळते. पण या कामात दोन गोष्टींना पर्याय नाही. हात लावण्याआधी चिपची खात्रीची प्रत घ्यायची आणि एएमटी उघडल्यावर ते फर्मवेअरच्या नव्या बिल्डवरच, म्हणजे दुरुस्त आवृत्तीवरच, चालवायचं. यातली एक जरी जमणार नसेल तर हे काम करू नका.

आधी तुमच्याकडे काय आहे ते बघा. एएमटी हे विंडोजमधलं सॉफ्टवेअर नाही. चिपसेटच्या आत एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो, त्याला मॅनेजमेंट इंजिन, थोडक्यात एमई, म्हणतात. मशिन बंद असतं तेव्हाही एसएमपीएसकडून (मशिनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) स्टँडबाय वीज येत असते, त्या विजेवर तो जागा राहतो आणि मदरबोर्डवरच्या लॅन पोर्टवर कान लावून बसतो. म्हणून विंडोज कोलमडलेलं असो किंवा हार्ड डिस्क काढून ठेवलेली असो, तो उत्तर देतो. मात्र त्यासाठी क्यू मालिकेचा चिपसेट लागतो. ९०२० मध्ये क्यू८७ आहे, ७०१० आणि ९०१० मध्ये क्यू७७. त्याच काळातल्या ३०२० मध्ये एच८१ आहे, तिथे कितीही फ्लॅश केलं तरी एएमटी येणार नाही. प्रोसेसरही व्हीप्रोचा हवा. तुमचा ४५७० चालतो, ४५९०, ४७७० आणि ४७९० सुद्धा चालतात. ४४६० किंवा कुठलाही आय३ असेल तर पूर्ण एएमटी मिळत नाही, खालच्या पायरीचं स्टँडर्ड मॅनेजेबिलिटी मिळतं. त्यात मशिन चालू-बंद करता येतं, पण स्क्रीन दिसत नाही. सेकंडहँड बाजारात विक्रेते प्रोसेसर सर्रास बदलतात, तेव्हा चारही मशिनांचे नंबर स्वतः तपासा.

आता ते बंद का आहे? ही मशिनं कंपन्यांनी घाऊक मागवली तेव्हा ऑर्डर देतानाच पर्याय असायचे: व्हीप्रोसह, नुसतं स्टँडर्ड मॅनेजेबिलिटी किंवा दुरून व्यवस्थापन पूर्ण बंद. पुष्कळ संस्थांनी सुरक्षेच्या धोरणापोटी तिसरा पर्याय घेतला. बोर्ड तोच, चिपसेट तोच, लॅनची आय२१७-एलएम चिपसुद्धा तीच. फरक फक्त फर्मवेअरमधल्या काही खुणांचा. त्यांना नाव ‘कायमचं बंद’ असं असलं तरी या पिढीत त्या फ्लॅश चिपवरच्या एमई विभागात लिहिलेल्या असतात, आणि चिपवर लिहिलेलं पुन्हा लिहिता येतं.

अडचण इतकीच की चालू मशिनमधून तो विभाग लिहू दिला जात नाही. फ्लॅशच्या अगदी सुरुवातीला डिस्क्रिप्टर नावाचा ४ केबीचा तुकडा असतो. कोणता विभाग कुठे सुरू होतो आणि कुणाला काय वाचता-लिहिता येईल, हे त्यात ठरलेलं असतं. डिस्क्रिप्टर, लॅनचा जीबीई विभाग, एमई आणि बायोस असे चार विभाग, आणि मुख्य प्रोसेसरला एमई विभागात लिहिता येऊ नये म्हणून त्याला कुलूप. पण दुरुस्तीसाठी इन्टेलनेच एक वाट ठेवली आहे. ऑडिओ चिपकडे जाणाऱ्या एका डेटा लाइनवर मशिन चालू होण्याच्या क्षणी व्होल्टेज वर असेल, तर चिपसेट डिस्क्रिप्टरचं कुलूप त्या बूटपुरतं मानत नाही. लॅपटॉपवर यासाठी ऑडिओ चिपच्या दोन बारीक पायांना तार टेकवावी लागते आणि हात हलला की चिप जाऊ शकते. ऑप्टिप्लेक्समध्ये डेलने या कामासाठी बोर्डवर दोन पिनाच दिल्या आहेत, शेजारी सर्व्हिस मोड असं छापलेलं असतं. त्यावर जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारं छोटं टोपण, बसवला की झालं. बरेच जण शेजारचा पासवर्डचा जंपर काढून इथे लावतात. तसं करू नका, त्याने बायोसच्या पासवर्डची व्यवस्थाच बंद होते. जुन्या आयडीई हार्ड डिस्कच्या मागचं जंपरचं टोपण काढून घ्या, ते नीट बसतं.

जंपर लावून मशिन चालू केलं की इन्टेलच्या एफपीटी या टूलने पूर्ण चिप वाचून फाइल बनवा. लिनक्सवाले फ्लॅशरॉम वापरतात, दोन्ही चालतात. ९०२० मध्ये ८ एमबी आणि ४ एमबी अशा दोन चिपा मिळून १२ एमबी आहेत, फाइल तेवढीच भरली पाहिजे. दोनदा वाचा आणि दोन्ही फाइलींचा हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) जुळवा. जुळला तर एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक स्वतःला मेल करून ठेवा, फाइलच्या नावात मशिनचा सर्व्हिस टॅग (डेलने प्रत्येक मशिनला दिलेला वेगळा क्रमांक) घाला. चार मशिनं म्हणजे चार वेगळ्या फाइली. नाही जुळला तर तिथेच थांबा.

एकाच मॉडेलच्या मशिनांची फाइल एकमेकांत का चालवायची नाही, हे मी अनुभवून बसलो आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका शाखेतल्या मशिनचं एएमटी चालू होतं, म्हणून तिची पूर्ण प्रत मी शेजारच्या मशिनवर जशीच्या तशी लिहिली. एएमटी आलं आणि मी समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन: एका काउंटरचं नेट चालतं तेव्हा दुसऱ्याचं बंद पडतं. जीबीई विभागात लॅनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची मशिनची ओळख, असतो, तो दोन्हीकडे एकच झाला होता. सर्व्हिस टॅगही दोघांचा एकच दिसत होता. ऐन व्यवहाराच्या वेळी काउंटरसमोर लोक ताटकळत उभे होते आणि माझ्यामुळे उभे होते, ते मला फार लागलं. मूळ प्रत जपलेली होती म्हणून दोन तासांत मशिन पूर्ववत झालं.

म्हणून फक्त एमई विभागच बदलायचा. त्याच आवृत्तीचा, क्यू८७ साठी ९.१ मालिकेतला, ५ एमबीचा कोरा, म्हणजे कुठल्याही मशिनच्या सेटिंग्ज न चढलेला, एमई विभाग घ्यायचा. १.५ एमबीचा घरगुती प्रकार असतो, त्यात एएमटी नसतंच. आपली प्रत इन्टेलच्या एफआयटीसी टूलमध्ये उघडायची. ते टूल तिचे तुकडे करून ठेवतं, त्यातल्या एमईच्या जागी कोरा विभाग ठेवायचा आणि मूळच्या बाकीच्या सेटिंग्ज तशाच राहिल्यात ना, हे ओळ न ओळ ताडून बघायचं. मग मॅनेजेबिलिटी, एएमटी, केव्हीएम (दुरून स्क्रीन-कीबोर्ड) आणि टीएलएस (सांकेतिक जोडणी) यांच्यापुढच्या ‘कायमचं बंद?’ या प्रश्नांना ‘नाही’ असं उत्तर द्यायचं. तयार झालेल्या फाइलीतला एमई विभाग तेवढा एफपीटीने लिहायचा, बाकी कशाला हात नाही. लिहून झाल्यावर त्याच टूलमधला ग्लोबल रीसेट द्यायचा, मशिन बंद करून वायर काढायची आणि जंपर काढायचा. हे काम यूपीएसवर करा. आमच्याकडे वीज दुपारी कधीही जाते, म्हणून मी यूपीएसची बॅटरी आधी तपासून मगच बसतो.

काही चुकलं तर? एमई बिघडलं तर बहुधा मशिन सुरू होतं, पण अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतं. हे लक्षण दिसलं तर रॅम किंवा एसएमपीएस बदलत बसू नका, एमई विभाग नीट लिहिला गेलेला नाही. मशिन अजिबात सुरू होईना तर बाहेरून प्रोग्रामर लावून मूळ प्रत परत लिहावी लागते. सीएच३४१ए नावाचा स्वस्त प्रोग्रामर आणि तुमच्या बोर्डवरच्या चिपच्या पायांना बसणारा चिमटा हाताशी ठेवा. पण त्याच्या काळ्या बोर्डाची एक खोड आहे: चिपला ३.३ व्होल्ट देतो, मात्र डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट सोडतो. वापरण्याआधी मीटर लावून बघा आणि दुरुस्त केलेलाच वापरा.

आता दुसरी अट, आणि माझ्या दृष्टीने हीच जास्त महत्त्वाची. १ मे २०१७ ला इन्टेलने एएमटीमधली एक फार गंभीर चूक जाहीर केली, तिचा क्रमांक सीव्हीई-२०१७-५६८९. पासवर्ड तपासताना फर्मवेअर समोरून आलेल्या उत्तराच्या लांबीइतकीच अक्षरं जुळवत होतं. म्हणजे उत्तर रिकामं पाठवलं की शून्य अक्षरं जुळवायची, आणि ती नेहमीच जुळतात. रिकाम्या उत्तराने कुणीही आत. आवृत्ती ६ पासून ११.६ पर्यंत सगळ्यांत ही चूक होती. दुरुस्त फर्मवेअरची खूण सोपी आहे, शेवटचा चार आकडी बिल्ड ३ ने सुरू होतो. तुमच्या ९.१ साठी ९.१.४१.३०२४ किंवा त्यापुढचं हवं, ७०१० साठी ८.१.७१.३६०८. आज तुमच्या मशिनांत एएमटी बंद आहे म्हणून ती या चुकीपासून सुरक्षित आहेत. जुन्या बिल्डवर ते उघडणं म्हणजे वाचनालयाच्या वायफायवर येणाऱ्या प्रत्येकाला किल्ली देणं. अँटिव्हायरसला यातलं काही दिसत नाही, कारण हे सगळं विंडोजच्या खाली घडतं.

फ्लॅश नीट झालं की एफ१२ च्या मेनूत एमईबीएक्स, म्हणजे एमईच्या सेटिंग्जचा पडदा, दिसू लागतं. सुरुवातीचा पासवर्ड सगळीकडे ‘ॲडमिन’ असाच असतो, तो त्याच बैठकीत बदला. २०१८ च्या जानेवारीत एफ-सिक्युअर या संगणक-सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं होतं की हा पासवर्ड तसाच राहिला, तर मिनिटभर कीबोर्ड हाती आलेला माणूस बायोसचा पासवर्ड ओलांडून एएमटी आपल्या ताब्यात घेऊ शकतो. वाचनालयात मुलं मशिनजवळ एकटी बसतात, म्हणून हे आवर्जून सांगतो. नवा पासवर्ड निदान आठ अक्षरांचा, त्यात मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि चिन्ह हवं.

तिथेच आणखी तीन गोष्टी बदलाव्या लागतात, नाहीतर सगळं करून ‘चालत नाही’ असं वाटतं. यूझर कन्सेंट बंद करा. नाहीतर तुम्ही स्क्रीन मागितल्यावर तिथल्या पडद्यावर सहा आकडी कोड येतो आणि तो वाचून सांगायला माणूस लागतो. पॉवर पॉलिसीत मशिन बंद असतानाही इंजिन जागं राहील असा पर्याय निवडा. आणि डेलच्या बायोसमध्ये डीप स्लीप कंट्रोल डिसेबल करा. हे मला सापडायला एक अख्खा रविवार गेला होता. चालू मशिन उत्तर द्यायचं, बंद केलं की गप्प, कारण डीप स्लीपमध्ये लॅनची स्टँडबाय वीजच तोडली जाते.

त्यानंतर त्याच नेटवर्कवरच्या ब्राउझरमधून मशिनचा आयपी आणि पोर्ट १६९९२ टाकलात की एएमटीचं पान उघडतं. पूर्ण स्क्रीनसाठी मेशसेंट्रल हे दुरून व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर वापरा, ते मोफत आणि ओपन सोर्स आहे. स्क्रीन फक्त इन्टेलच्या अंगभूत ग्राफिक्सवरून दिसते, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर काढा. मॉनिटर जोडलेला नसेल तर बहुधा काळा पडदा येतो, तिथे मॉनिटर असल्याचा भास देणारा डमी प्लग लावावा लागतो. तुम्ही स्क्रीन बघत असताना तिथल्या पडद्याच्या कडेला लाल-पिवळी चौकट लुकलुकते. ग्रंथपालांना हे आधीच सांगून ठेवा आणि वाचनालयाच्या समितीकडून या सगळ्याची लेखी संमती घ्या, कारण मशिनं त्यांची आहेत.

१६९९२ ते १६९९५ हे पोर्ट राउटरमधून इंटरनेटवर कधीही उघडू नका. वाचनालयात वायरगार्ड (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी वाट देणारं सॉफ्टवेअर) चालणारा एखादा छोटा राउटर किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवा आणि त्यातूनच आत जा.

आणि एक प्रामाणिक प्रश्न. तुमच्या फेऱ्या नेमक्या कशासाठी होतात? वीज जाऊन आल्यावर मशिनं आपोआप चालू होत नाहीत एवढंच असेल, तर बायोसमध्ये एसी रिकव्हरी ‘पॉवर ऑन’ करा, वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून मशिन चालू करायची सोय) चालू करा आणि विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपची सोय करा. माझ्या तीन शाखा यावरच चालतात, तिथे मी फ्लॅशला हात लावलेला नाही. विंडोज बूटच होत नाही, निळ्या पडद्यावर अडकतं, दुरून आयएसओ (विंडोज टाकायच्या डिस्कची फाइल) जोडून पुन्हा टाकावं लागतं, असं वारंवार होत असेल तरच फ्लॅश करा. तेही चारही मशिनं एकदम नको. एक मशिन पुण्याला आणा, त्यावर सगळं करा आणि महिनाभर घरी चालवून बघा. रोज रात्री ते बंद करायचं आणि सकाळी दुसऱ्या खोलीतून एएमटीने चालू करून बायोसचा पडदा उघडायचा. महिन्यात एकदाही चुकलं नाही तर उरलेली तीन आणा.