मालवाहू जहाजांना स्वच्छ इंधनाची सक्ती केली की प्रदूषण थांबेल ना? मग कंपन्या कुरकुरतात का?

सक्ती आधीच आहे. १ जानेवारी २०२०पासून जगभर जहाजाच्या इंधनात ०.५० टक्क्यांच्या वर सल्फर (गंधक) चालत नाही, त्याआधी ३.५० चालायचं. बाल्टिक, उत्तर समुद्र आणि अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यालगत २०१५पासून मर्यादा ०.१० आहे, १ मे २०२५पासून भूमध्य समुद्रातही तीच. कायदा लंडनला, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत ठरतो, पण पाळावा लागतो इंजिन रूममध्ये, मर्यादा बदलते तिथे इंधन बदलून, आणि त्याला तास लागतात. ते तास द्यायची कंपनीच्या ऑफिसची तयारी नसते.

'व्हॉल्व्ह फिरवला की इंधन बदललं' असं म्हणणारे कंपनीच्या ऑफिसातले सुपरिंटेंडंट आजही भेटतात. हे साफ खोटं आहे. इंजिन जाळतं त्यापेक्षा जास्त इंधन पाइपांतून फिरत असतं आणि उरलेलं मिक्सिंग कॉलम नावाच्या छोट्या टाकीत परत येतं. म्हणजे जुनं इंधन बाहेर फेकलं जात नाही, नव्यात मिसळत मिसळत पातळ होतं.

न्हावाशेव्याहून सुएझमार्गे रॉटरडॅमला चाललेलं जहाज घ्या. चालू इंधनात सल्फर ०.४८ टक्के, गॅसऑइलमध्ये (डिझेलसारखं पातळ, स्वच्छ इंधन) ०.०८. फिरत्या सिस्टिममध्ये साडेपाच टन इंधन, खप ताशी दोन टन. मिश्रण ०.१०पर्यंत उतरायला सिस्टिममधल्या इंधनाच्या तिप्पट इंधन जळावं लागतं, म्हणजे सव्वाआठ तास. तेच गॅसऑइल ०.०५चं मिळालं तर सहा तासांत काम होतं. म्हणून बंकर (जहाजाचं इंधन) घेताना नुसतं '०.१०च्या आत आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, बंकर डिलिव्हरी नोटवरचा, म्हणजे पुरवठादाराच्या पावतीवरचा आकडा वाचा. ०.०९९चं गॅसऑइल कायदेशीर असतं, पण त्याने सिस्टिम वेळेत धुऊन निघत नाही.

आता भूमध्य समुद्रात शिरण्याआधी हे करायचं कुठे? कालव्यात नाही. तिथे वेग कमी, खप कमी, वाट दाखवणारा पायलट जहाजावर, आणि इंजिन गचकलं तर जहाज आडवं. सुएझच्या नांगरवाड्यावरही नाही, कारण मुख्य इंजिन बंद; जळणच नाही तर पातळ काय होणार? तांबड्या समुद्रातून वर येताना, पूर्ण वेगात असतानाच सुरू करायचं आणि सुएझला पोचण्याआधी संपवायचं. त्यामुळे जिथे ०.१०ची सक्ती नाही तिथेही महागडं गॅसऑइल जळतं. ऑफिसची कुरकुर नेमकी याच टनांवर असते.

घाई केली की काय होतं तेही ऐका. इंधन गरम, समजा ११० अंशांवर, आणि गॅसऑइल ४५वर. तापमान मिनिटाला दोन अंशांपेक्षा जास्त उतरवायचं नाही, म्हणजे नुसत्या उतरणीलाच अर्धा तास हवा. इंजेक्शन पंपाचा प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये असते. एकदम थंड इंधन आलं की बॅरल आवळतं आणि प्लंजर अडकतो. वर गॅसऑइल पातळ, त्याला वंगणही कमी. इंजिनच्या तोंडाशी व्हिस्कोसिटी (दाटपणा) दोन सेंटीस्टोकच्या खाली गेली तर पंप झिजतात, गळतात, आणि नंतर इंजिन स्टार्टच होत नाही. म्हणून कूलर किंवा चिलर आधी तपासा. हीटर बंद करा आणि पाइप गरम ठेवणाऱ्या वाफेच्या नळ्या, म्हणजे स्टीम ट्रेसिंगही. ट्रेसिंग हमखास विसरली जाते, मग गॅसऑइलची वाफ होऊन पंप इंधनाऐवजी वाफच ओढतो. दोन इंधनं एकमेकांशी जुळली नाहीत तर डांबरासारखं अ‍ॅस्फाल्टीन खाली बसतं आणि फिल्टर चोंदतात; आधी स्पॉट टेस्ट (मिश्रणाचा थेंब कागदावर टाकून डाग पाहणं) करा आणि बदल चालू असताना फिल्टरवर माणूस उभा ठेवा. सिलिंडर ऑइलही बदला. जास्त बीएनचं (आम्ल मारणारा अल्कली जास्त असलेलं) तसंच चालू ठेवलं तर पिस्टनवर कॅल्शियमचा खडखडीत थर बसतो. अमेरिकन कोस्ट गार्डने २०१५ साली इंधन बदलताना इंजिन बंद पडण्याबद्दल इशारा काढला तो याच गोष्टींवरून.

नियमांपैकी मला सगळ्यात शहाणा वाटतो तो १ मार्च २०२०चा: स्क्रबर (धूर धुणारं यंत्र) नसलेल्या जहाजाच्या टाक्यांत वापरासाठी ०.५०च्या वरचं इंधन असणंच बेकायदा. भर समुद्रात काय जळतं ते कोणी पाहायला येत नाही, पण टाकी बंदरात तपासता येते. उलट ओपन लूप स्क्रबरला दिलेली मुभा ही पळवाट आहे. धुरातलं सल्फर समुद्राच्या पाण्याने धुवायचं आणि ते आम्लयुक्त पाणी परत समुद्रात सोडायचं. सिंगापूरने ते आपल्या हद्दीत २०२०पासूनच बंद केलं, बरोबर केलं.

हे सगळं सल्फरबद्दल झालं. कार्बन यातून जवळपास तसूभरही कमी होत नाही. त्यासाठी मिथेनॉल आहे, पण तेवढ्याच ऊर्जेला जवळजवळ अडीचपट टाकी लागते, आणि ते नैसर्गिक वायूपासून बनवलं असेल तर फायदा शून्य. एलएनजीत (द्रवरूप नैसर्गिक वायूत) न जळलेला मिथेन धुराड्यातून निसटतो. अमोनियात कार्बन नाही, पण गळती झाली तर माणूस मरतो. युरोपने २०२४पासून जहाजांच्या कार्बनवर पैसे लावले. जागतिक पातळीवरचा तसा करार मात्र ऑक्टोबर २०२५मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला. कंपन्या कुरकुरतात ती यातल्या खर्चावर, आणि पुढचं इंधन कुठलं हेच ठरलेलं नसताना जहाज पंचवीस वर्षांसाठी बांधायचं असतं, ही त्यांची अडचण मात्र खरी आहे.

वरचे तास एका उदाहरणाचे आहेत. तुमच्या जहाजाचं आकारमान, खप आणि इंधनाचे आकडे घालून वेगळे येतील. ऑटोमॅटिक चेंजओव्हर असेल तर तापमानाची उतरण तो सांभाळतो, मिश्रणाचं गणित नाही. यात कोणी जहाजावर असेल तर एक करा: हिशोब मांडून सुरू करायची वेळ आणि ठिकाण ऑफिसला मेलने कळवा. 'दोन तास उशिरा करा' असं उत्तर आलं तर तेही मेलवरच मागा, फोनवर नाही. लॉगबुकात वेळ, पोझिशन आणि प्रत्येक टाकीतलं इंधन लिहून खाली सही चीफ इंजिनिअरची असते, आणि इन्स्पेक्टर प्रश्न विचारतो तोही त्यालाच.