स्पिनिंग रील फिरवताना करकर वाजतेय, घरी सर्व्हिसिंग जमेल का की नवीनच घ्यावी?

मासे गरवायची ४००० साइजची स्पिनिंग रील, दोन सीझन खाऱ्या पाण्यात वापरलेली, हँडल फिरवलं की करकर येते आणि दुकानवाला म्हणतो नवी घ्या, असं तुम्ही लिहिलंय. घेऊ नका, निदान उघडून बघितल्याशिवाय तरी नकोच. मी रेवदंडा, कोर्लई, साळावच्या पुलाजवळ बरीच वर्षं गरवतोय आणि माझ्या सगळ्या रील घरीच उघडतो, त्यामुळे सांगतो, करकरणारी रील बहुतेक वेळा मेलेली नसते, तिच्यात मीठ बसलेलं असतं.

आधी आवाज कुठून येतोय ते शोधा, लगेच स्क्रू खोलायला बसू नका. स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली चकरी, काढून ठेवा आणि हँडल फिरवा. तरीही दाणेदार लागत असेल तर लफडं आत, गिअर किंवा बेअरिंगमध्ये. आवाज गेला तर स्पूलच्या खाली काहीतरी घासतंय, शाफ्ट पुसा, थेंबभर तेल द्या, झालं. आणि नुसती फिरवताना गप्प पण लाइन ओढताना किरकिर असेल तर लाइन रोलर.

हा लाइन रोलर म्हणजे बेलच्या (लाइन धरणाऱ्या तारेच्या कमानीच्या) टोकाला असलेली ती छोटी पुली, तिच्याकडे कोणी बघतच नाही आणि माझ्या मते सगळ्यात आधी तीच जाते कारण प्रत्येक वेळी खाऱ्या पाण्याने भिजलेली लाइन तिच्यावरूनच आत येते. बेल बंद करा, लाइन रोलरवरून घेऊन हाताने ओढा आणि रोलर फिरतोय की लाइन नुसतीच घासत जातेय ते बघा. घासत असेल तर एक स्क्रू काढला की रोलर सुटतो, आत चण्याच्या डाळीएवढं बेअरिंग असतं (स्वस्त रीलमध्ये नुसतं प्लॅस्टिकचं बुश). मागच्या वर्षी एका मित्राची रील उघडली तर त्यातून मशेरीसारखी तपकिरी भुकटी पडली, बेअरिंग जाम, आणि तो सहा महिने लाइनला दोष देत होता की सारखी पीळ खाते म्हणून! बेअरिंग बदललं आणि पीळ बंद झाला. बेअरिंगचं माप व्हर्नियरने घ्या, भोक, बाहेरचा व्यास आणि जाडी, ७×११×३ असं मिलिमीटरमध्ये सांगितलं की बेअरिंगच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं, त्यासाठी कंपनीचं पाकीट लागत नाही.

आता बॉडी उघडायची असेल तर अंड्याचा रिकामा ट्रे घ्या आणि जे निघेल ते क्रमाने एकेका खळग्यात ठेवत जा, प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. स्क्रूची लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू चुकून आखूड जागी पिळला तर बॉडीला तडा जातो. हँडल काढा, साइड प्लेट काढा, मोठा गिअर उचला. आणि इथे जपून, गिअरच्या मागे कागदाएवढ्या पातळ चकत्या असतात, शिम म्हणतात, त्या जुन्या ग्रीसला चिकटून साइड प्लेटसोबत निघून येतात आणि पुसताना फडक्यात जातात. ती एक चकती हरवली की गिअर नीट बसत नाही आणि मग कितीही ग्रीस घाला, करकर जात नाही. रोटर, म्हणजे बेलसकट स्पूलभोवती फिरणारा भाग, काढायची वेळ आली तर त्याच्या नटला काही रीलमध्ये उलटे आटे असतात, जोर लावायच्या आधी दुसऱ्या बाजूला फिरवून बघा.

जुनी ग्रीस करडी, वाळू मिसळल्यासारखी झालेली असेल. धातूचे गिअर रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने धुवा, प्लॅस्टिकचे पार्ट साबणाच्या पाण्याने, पेट्रोल अजिबात नको. सगळं पूर्ण वाळू द्या, मग गिअरच्या दातांवर मरीन ग्रीसचा पातळ थर. गाडीच्या चाकाची घट्ट ग्रीस घातली तर हँडल जड होतं. बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल एक-दोन थेंब पुरतं. खोबरेल घालणारे पण बरेच आहेत आपल्याकडे, कृपा करून घालू नका, थंडीत पहाटे ते थिजतं आणि जुनं झालं की चिकट होऊन बसतं. डब्ल्यूडी-४० पण गंज सोडवायला ठीक, पण ते मारून रील ठेवून दिली तर आतली ग्रीस धुतली जाते.

आणि हे नीट वाचा, रोटरखाली वन-वे क्लच असतो ज्याच्यामुळे हँडल उलटं फिरत नाही, त्यात ग्रीस घालायची नाही. त्यातले बारीक रोलर ग्रीसमध्ये घसरतात, धरतच नाहीत. माझ्याकडून पहिल्यांदा हीच चूक झाली, सगळीकडे भरपूर ग्रीस भरली, घरी रील लोण्यासारखी फिरत होती. पुढच्या भरतीला पुलाजवळ जिताडा लागला, मी हुक बसवायला झटका दिला आणि हँडल सर्रकन मागे फिरून बोटांवर आपटलं, लाइन सैल पडली आणि मासा गेला. बोटं दोन दिवस सुजलेली होती पण तो मासा अजून डोळ्यासमोर आहे. क्लच स्वच्छ करून कोरडा ठेवा किंवा अगदी पातळ तेलाचा पुसट हात, बस.

तुमची रील दायवाची मॅगसील्डवाली असेल तर मात्र सील असलेल्या जागी स्वतः तेल घालू नका, तिथे चुंबकाने धरून ठेवलेलं खास तेल असतं, साधं तेल मिसळलं की ते सील बिघडतं. ती सर्व्हिस सेंटरलाच द्या. तसंच गिअरचे दातच झिजलेले दिसले तर ग्रीसने काही होणार नाही, नवा गिअर मागवा आणि त्याची किंमत रीलच्या किमतीशी ताडून बघा.

धुण्याबद्दल, कारण खरी दुरुस्ती तिथेच वाचते. घरी आल्यावर ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन किती जोरावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक) घट्ट करा म्हणजे पाणी वॉशरमध्ये शिरत नाही, मग गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. बादलीत बुडवू नका आणि जोराचा पाइप तर नकोच, त्याने मीठ उलट आत ढकललं जातं. फडक्याने पुसा, सावलीत वाळवा आणि वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर वॉशर दबून राहतात आणि मासा पळाला की ड्रॅग झटके देत सुटतो. ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन असेल तर स्पूल वेगळा काढून वाळवा, ती पाणी धरून ठेवते.

सर्व्हिसिंग मे महिन्यात करा. सगळे नारळी पौर्णिमा जवळ आली की रील काढतात, पण तोवर मीठ पावसाळ्याची दमट हवा ओढून तीन महिने आत गंज चढवत बसलेलं असतं. आता लाइन रोलर तपासा आणि काय निघालं ते कमेंटमध्ये फोटोसकट टाका, शिम कुठे बसते ते अडलं तर मी बघून सांगतो.